केदारनाथचं हेलिकॉप्टर : 'आज नाही' असं म्हणायचं कोणी?

पायवाट
१८ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही स्वार्थासाठी.

आईबाबांना (६८ आणि ७४) दिवाळीआधी केदारनाथला जायचंय. बाबांच्या उजव्या गुडघ्यात वंगण नावापुरतंच उरलंय, त्यामुळे गौरीकुंडापासूनची १६ किलोमीटरची चढण बाद. राहिलं हेलिकॉप्टर. पावसाळ्याची सुट्टी संपून या आठवड्यात फेऱ्या परत सुरू झाल्यात. मी म्हटलं, नको. जूनचा अपघात डोक्यातून जात नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं एक तरुण जोडपं लहान मुलीसकट त्यात गेलं. यावर बाबांचं उत्तर: "अरे, तिकीट रेल्वेच्या साइटवर मिळतंय. म्हणजे सरकारीच की!"

मला पटकन काही बोलता आलं नाही, म्हणून दोन रात्री वाचत बसलो. तिकीट विकतं आयआरसीटीसी. कुठल्या कंपनीने कुठल्या हेलिपॅडवरून किती भाड्यात न्यायचं याचं टेंडर काढतं उत्तराखंड सरकारचं नागरी उड्डाण प्राधिकरण, म्हणजे युकाडा. उड्डाणाचे स्लॉट, म्हणजे ठरलेल्या वेळाही, तेच देतात. हेलिकॉप्टर आणि पायलट खासगी कंपनीचे. दोघं उडायच्या लायकीचे आहेत का, हे बघणार दिल्लीचं, म्हणजे केंद्र सरकारचं, डीजीसीए. आणि पडलंच, तर चौकशीला येणार एएआयबी, तेही दिल्लीहून.

आता यंदाचा हिशोब बघा. ८ मे, गंगोत्रीच्या वाटेवर गंगनानीजवळ सहा मृत्यू, त्यात मुंबईच्या महिला होत्या. मग बद्रीनाथला उड्डाणाच्या वेळी पात्याचा गाडीला धक्का. १७ मे, रुग्णांना आणणाऱ्या हेलिकॉप्टरची केदारनाथला शेपटी मोडली. ७ जून, सिरसीजवळ उडताच बिघाड, हेलिकॉप्टर थेट महामार्गावर उतरवलं, शेपूट उभ्या गाडीवर. १५ जून, गौरीकुंडाच्या वरच्या जंगलात सात मृत्यू. चाळीस दिवसही झाले नव्हते.

प्रश्न एवढाच. इतक्या हातांतून हे काम जातं, तर सकाळी ढग खाली उतरलेले असताना 'आज नाही' असं म्हणायचं काम नेमकं कोणाचं?

(अवांतर: हेलिपॅडच्या यादीत 'फाटा' असं वाचून मी आधी नकाशावर कुठला फाटा ते शोधत होतो. ते गावाचंच नाव आहे.)


खवचट_काळू
१८ सप्टेंबर, रात्री ९:५२

केदारनाथाचं.

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.


रोटरवाला
१८ सप्टेंबर, रात्री ११:१५

पायवाट, प्रश्न चांगला आहे. कागदावरचं उत्तर एका ओळीचं: पायलटचं. खरं उत्तर जरा लांब आहे.

मी सैन्यात डोंगरात हेलिकॉप्टर उडवलंय, केदारनाथच्या शटलवर नाही. मंदाकिनीची दरी मात्र ओळखीची आहे. देऊळ साडेअकरा हजार फुटांच्या वर. हवा विरळ, म्हणजे पात्यांना धरायला कमी मिळतं आणि इंजिनालाही श्वास कमी. शटलची बहुतेक हेलिकॉप्टरं एका इंजिनाची. वर रडार नाही. सगळं उडणं डोळ्यांनी बघून. दिसतंय तोवर उडा, दिसेनासं व्हायच्या आधीच मागे फिरा, असा नियम.

यात 'आधीच' हा शब्द महत्त्वाचा. दरी वर वर अरुंद होत जाते. खालून बघता फट दिसते, तुम्ही शिरता, आणि तीन मिनिटांत मागची फट बुजते. शिरता येतं, वळायला जागा उरत नाही. ढग काही समोरून चालत येत नाही. जिथे स्वच्छ होतं तिथेच तो जमतो. पहाटे हवा शांत असते म्हणून सगळ्यांना पहाट हवी असते, आणि रात्री पाऊस झाला असेल तर त्याच पहाटे दरीत दूध भरल्यासारखं असतं.

आता दुसरी बाजू. एकेक फेरी सहा-आठ मिनिटांची. वर गेल्यावर इंजिन बंद करत नाहीत, पाती फिरत असतानाच माणसं वाकून उतरतात, दुसरी चढतात, हेलिकॉप्टर परत. सीझन दीड-दोन महिन्यांचा, मग पाऊस, मग परत महिनाभर. त्यात खालच्या हेलिपॅडवर दीडशे माणसं आंघोळ करून उपाशी बसलेली, आणि शेजारच्या कंपनीचं हेलिकॉप्टर गेलेलं दिसतंय. तिथे 'आज नाही' म्हणायला जी ताकद लागते ती लायसन्ससोबत मिळत नाही.


सुमतीआजी
१९ सप्टेंबर, सकाळी ७:०५

रोटरवाला, तुम्ही लिहिता तसेच पाहिले आहे. २०१९ साली आम्ही उभयता गेलो होतो. आधी वजनकाट्यावर उभे करतात. ८० किलोच्या वर असाल तर जादा पैसे. यांचे भरले ८३, आणि हे मला हळूच म्हणतात, "खिशातला मोबाइल तुझ्याकडे घे." जसे काही मी दुसऱ्या हेलिकॉप्टरने जाणार होते!

वजन इतके काटेकोर घेतात याचा मला धीर वाटला होता. मात्र ढग किती आहेत हे कोणी कुठे लिहून ठेवत असेल असे काही दिसले नाही. एक मुलगा दर थोड्या वेळाने बाहेर येऊन डोंगराकडे बघून आत जात होता. तो कोण होता कोण जाणे.


वकिलीण
१९ सप्टेंबर, सकाळी ११:३०

कायद्याची बाजू सांगते, नाहीतर दुपारपर्यंत धाग्याचा काश्मीर (न संपणारं भांडण) होईल.

विमानं, हवाई मार्ग, विमानतळ, उड्डाणाचं शिक्षणसुद्धा, हे सगळं सातव्या अनुसूचीच्या केंद्र सूचीत, नोंद २९. राज्याला यात कायदा करता येत नाही. १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय, पण अधिकार त्यातही दिल्लीकडेच आहे. म्हणजे उद्या उत्तराखंड विधानसभेने 'एका इंजिनाचं हेलिकॉप्टर चालणार नाही' असा कायदा केला तर तो टिकायचा नाही.

मग राज्याकडे काय? जमीन राज्याची, टेंडर राज्याचं, पोलीस राज्याचे, स्लॉट राज्याचा. आणि टेंडरमध्ये अटी घालता येतात, हे लोक विसरतात. कायदा म्हणून जे सांगता येत नाही ते करार म्हणून सांगता येतं. दोन इंजिनं हवीत, डोंगरातल्या उड्डाणाचा अमुक इतका अनुभव हवा, कॅमेरा हवा, दिवसाला इतक्याच फेऱ्या. कंपनीला नको असेल तर तिने टेंडर भरू नये. 'आमच्या हातात काही नाही' हे राज्याचं म्हणणं म्हणूनच मला पुरतं पटत नाही.

१५ जूनच्या प्रकरणात तर राज्याने स्वतःच हे दाखवून दिलं. फिर्याद दिली एका महसूल उपनिरीक्षकाने. (आपल्याकडच्या तलाठ्याच्या जवळपास. तिकडे डोंगरात पटवाऱ्याकडे पोलिसांचे अधिकार असायची जुनी पद्धत आहे.) गुन्हा कंपनीच्या व्यवस्थापकांवर. मुख्य मुद्दा काय, तर पहिला स्लॉट ६ ते ७ चा होता आणि हेलिकॉप्टर त्याआधीच, साडेपाचच्या सुमारास, परतीच्या वाटेवर कोसळलं. वर ढग आणि धुकं होतंच.

आता बघा, स्लॉट मोडला हा गुन्ह्याचा आधार, म्हणजे स्लॉट ही नुसती रांग लावायची सोय नाही, तो सुरक्षेचा नियम आहे असं राज्यच म्हणतंय. मग सहाच्या आधी हेलिपॅडवर माणसं बसवली जात होती, पाती फिरत होती, तेव्हा तो स्लॉट राखायला राज्याचं कोण उभं होतं?


खवचट_काळू
१९ सप्टेंबर, सकाळी ११:४१

वाखुसा (वाचनखूण साठवली). वकिलीणबाई, फी किती?


दूनवासी
१९ सप्टेंबर, दुपारी २:२०

डेहराडूनला नऊ वर्षं राहतेय (माहेर सांगली), म्हणून इकडची बाजू मांडते. तुम्ही सगळे यात्रेकरूच्या खिडकीतून बघताय. इथे दरड कोसळून रस्ता बंद झाला की बाळंतिणीला खाली आणायला हेलिकॉप्टरच असतं. 'बंद करा' म्हणणं पुण्यातून सोपं आहे.

आणि सरकारने काहीच केलं नाही हे खरं नाही. जूनमध्ये दोन दिवस सगळी सेवा थांबवली. डेहराडूनला नियंत्रण कक्ष उभारायचं ठरलं, उंच हिमालयात उडवायचा अनुभव असलेलेच पायलट घ्यायचे असं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. खराब हवेत उडवणाऱ्या दोन पायलटांची लायसन्सं सहा महिन्यांसाठी स्थगित झाली. या खेपेला फेऱ्या सुरू करण्यापूर्वी डीजीसीएची माणसं येऊन हेलिपॅड, हेलिकॉप्टरं, पायलटांची तयारी बघून गेली, मगच परवानगी मिळाली. हवाई नियंत्रक आणि हवामान खात्याची माणसं या मार्गावर बसवायची व्यवस्थाही त्यातच आली.


डोंगरकपारी
१९ सप्टेंबर, दुपारी ३:०२

ताई, राग नको, पण हे सगळं पडल्यानंतरचं. २०२२ च्या उन्हाळ्यातही डीजीसीएने केदारनाथच्या कंपन्या तपासल्या होत्या, पाच कंपन्यांना प्रत्येकी ५ लाखांचा दंड केला होता. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला गरुडचट्टीजवळ सात जण गेले. पुढच्या एप्रिलमध्ये यात्रा सुरू व्हायच्या तोंडावर युकाडाचाच एक वरिष्ठ अधिकारी हेलिपॅडवर मागच्या पंख्याचा धक्का लागून गेला. देखरेख करणाऱ्या संस्थेचा माणूस, पाहणीला गेलेला.

५ लाख म्हणजे किती, ते शटलच्या भाड्याने भागून बघा. फार तर दोन-चार दिवसांची कमाई.


दूनवासी
१९ सप्टेंबर, दुपारी ३:३०

राग नाही. तो अधिकारी गेला त्या दिवशी इथे काय वातावरण होतं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. दंडाचं म्हणणं मान्य.


निवृत्त_शाखा_अभियंता
१९ सप्टेंबर, रात्री ८:४५

उत्तराखंडाबद्दल मला काही माहीत नाही. परंतु 'राज्य सरकारची देखरेख' म्हणजे आपल्याकडे प्रत्यक्षात काय असते, ते सांगू शकतो, कारण ती देखरेख म्हणजे काही वेळा मीच होतो.

सार्वजनिक बांधकाम खात्यात बत्तीस वर्षे काढली. निवडणूक आली की तहसीलदारांचा फोन: उद्या साहेबांचे हेलिकॉप्टर, शाळेच्या मैदानावर हेलिपॅड करा. आमच्याकडे मोजपट्टी, चुन्याची फक्की, टँकर आणि चार मजूर. फक्कीने वर्तुळ आखायचे, मध्ये इंग्रजी एच. धूळ उडू नये म्हणून पाणी मारायचे. काळ्या मातीत पाणी जास्त झाले की चिखल, कमी झाले की धुरळा, आणि हा अंदाज कुठल्याही पुस्तकात नाही. वाऱ्याची दिशा दाखवायला कापडी मोजा लागतो. तो एकदा मिळेना, तेव्हा मुकादमाच्या बायकोने जुना परकर उसवून शिवून दिला. धुरासाठी ओला पाला. अग्निशमनचा बंब तालुक्याला एकच, तोही सभेच्या मांडवाजवळ हवा म्हणून ओढाताण.

हे झाले की कागदावर सही: 'हेलिपॅड उतरण्यास सुयोग्य आहे.' मी स्थापत्य अभियंता. रस्ता सुयोग्य आहे का हे मला कळते. हेलिकॉप्टर किती वजन घेऊन, किती उन्हात, कुठल्या दिशेने उठणार आहे हे मला कोणी कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. वरिष्ठ म्हणत, सही करा, वर उपविभागीय साहेबांची आहेच.

एकदा मे महिन्यात मैदानाच्या पूर्वेला अकरा केव्हीची लाइन होती. वायरमन म्हणाला, "बंद करतो साहेब, काढू कशी?" हेलिकॉप्टर उतरले. साहेब सभेला गेल्यावर पायलट मैदानाभोवती एकटा चालत एक फेरी मारून आला. तारांकडे पाहिले, घड्याळ पाहिले. मग साहेबांच्या स्वीय सहायकांना म्हणाला, "परत जाताना चार नाही, दोघेच." सहायक भडकले. पायलट हसत हसत पण तेच तेच म्हणत राहिला. शेवटी दोन कार्यकर्ते जीपने गेले. संपूर्ण नोकरीत 'नाही' हा शब्द मी हेलिपॅडवर तेवढा एकदा ऐकला. पुढच्या सभांना दुसरा पायलट होता. पहिला रजेवर होता की काय, मला ठाऊक नाही.


रोटरवाला
१९ सप्टेंबर, रात्री ९:१०

काका, दंडवत. उन्हात हवा पातळ होते, उचलायची ताकद घटते. त्याने केलं ते अगदी बरोबर.

२५ मे २०१७, निलंगा, आठवतंय ना? मे महिना, लातूरचं ऊन, मोकळं मैदान, राज्य सरकारचं स्वतःचं सिकोर्स्की. उठलं, वर जाईना, खाली येताना विजेच्या तारांत गेलं. मुख्यमंत्र्यांसकट सगळे वाचले हे नशीब.


वऱ्हाडी_ठेचा
१९ सप्टेंबर, रात्री १०:२५

सरकार दुसऱ्यावर देखरेख ठेवते म्हणता, पण स्वतःचं इमान कसं ठेवते ते पाहा ना भाऊ. ('इमान' म्हणजे विमान. आमच्याकडे दोन्ही तसंच म्हणतात.)

६ मे २०२१, ग्वाल्हेर. मध्य प्रदेश सरकारचं नवंकोरं किंग एअर, कोविडात रेमडेसिविरची खोकी घेऊन रात्री उतरत होतं. धावपट्टीच्या तोंडाशी लढाऊ विमानं अडवायचं जाळं वर उचललेलं, त्याच्यात गेलं. माणसं वाचली, इमान भंगारात. मंग कळलं का त्याचा विमाच नव्हता! आता यात सरकारनं काय करावं? पायलटाले ८५ कोटीचं बिल पाठवलं. पायलट म्हणे, जाळं वर आहे हे मले कोणी सांगितलंच नाही, आन् विम्याशिवाय इमान उडू कोणी दिलं ते आधी सांगा.

विमा काढायचा इसरला तो बाबू कुठं गेला, ते काही मले वाचायले भेटलं नाही.


डोंगरकपारी
१९ सप्टेंबर, रात्री १०:५०

त्यात एक भर. २८ जून २०१८ ला घाटकोपरच्या भर वस्तीत बांधकामावर पडलेलं किंग एअर आठवा. विमानातले चौघं आणि रस्त्यावरचा एक. नोंदणी होती व्हीटी-यूपीझेड. त्यातलं 'यूपी' उगाच नव्हतं. ते मूळचं उत्तर प्रदेश सरकारचं, अपघातात खराब झालं म्हणून विकून टाकलेलं. कंपनीने वर्षानुवर्षं दुरुस्त करून जुहूहून चाचणीला उडवलं. सरकारने विकलं तिथे सरकारचा विषय संपला.


बे_एरियातून
२० सप्टेंबर, सकाळी ६:१५

इकडे अमेरिकेतही उड्डाणाची सुरक्षा केंद्राचीच, एफएए बघतं. फरक जमिनीवर आहे. कॅलिफोर्नियात नवा हेलिपोर्ट करायचा तर राज्याच्या वाहतूक खात्याचा वेगळा परवाना लागतो, आणि त्या खात्याची वैमानिकीची समज असलेली माणसं येऊन झाडं, खांब, तारा मोजतात. म्हणजे काकांच्या जागी निदान त्या कामाचं शिक्षण घेतलेला माणूस असतो. लहान विमानं इकडेही भरपूर पडतात, गैरसमज नको.


वकिलीण
२० सप्टेंबर, सकाळी १०:४०

हे आपल्याकडेही जमण्यासारखं आहे, घटना न बदलता. जमीन राज्याचीच. आणि फक्त हेलिपॅड नाही. बारामती, नांदेड, लातूर, यवतमाळ, धाराशिव या धावपट्ट्या एमआयडीसीच्या. २००९ मध्ये खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिल्या होत्या. बारामतीला दिवसभर शिकाऊ पोरं उडतात, विमानतळ प्राधिकरणाचा नियंत्रक तिथे नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमानं पडली, तेव्हा उड्डाणं थांबवली ती दिल्लीने. मालक म्हणून राज्य त्या चार दिवसांत काय करत होतं? भाडेकरूने घरात गॅस उघडा ठेवला तर घरमालक 'गॅस कंपनी बघेल' म्हणतो का?


खवचट_काळू
२० सप्टेंबर, सकाळी १०:५५

आमचे घरमालक म्हणतात.


रोटरवाला
२० सप्टेंबर, दुपारी १२:३०

पायवाट, तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, तो बिचारा मागे राहिला.

माझं मत: जो फेरीमागे पैसे कमावतो त्याच्या हातात फेरी रद्द करायचा एकमेव अधिकार ठेवू नये. कंपनी कमावते. युकाडाही कंपन्यांकडून पैसे घेतं, आणि यात्रा चालावी हे राज्याचं हितच आहे. पायलटला पगार कंपनी देते. हवामान खात्याच्या माणसाला मात्र फेऱ्या दहा झाल्या काय नि शंभर काय, फरक पडत नाही. त्याने लाल म्हटलं की सगळ्या कंपन्यांची हेलिकॉप्टरं एकदम खाली. सगळ्यांची एकदम, हे महत्त्वाचं. शेजारचं उडताना दिसलं नाही की निम्मा दाब तिथेच संपतो. नवा कक्ष असं काम करणार असेल तर मी टाळ्या वाजवीन. कक्षात नुसते कॅमेऱ्याचे पडदे आणि खुर्च्या असतील तर नाही.

आईबाबांना न्या. दोन दिवस जादा हातात ठेवा. आणि रद्द झालं तर कृपा करून काउंटरवर भांडू नका.


संपादक
२० सप्टेंबर, दुपारी १:१०

दोन प्रतिसाद पक्षीय मजकुरामुळे काढले आहेत. विषयाला धरून लिहावे.


पायवाट
१२ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. जाऊन आलो.

सिरसीचं ६ तारखेचं तिकीट होतं. त्या दिवशी वर बर्फ, खाली पाऊस. दिवसभर एकही फेरी नाही, कुठल्याच कंपनीची. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत बसलो. एक गृहस्थ काउंटरवर 'आमचे साहेब कोण आहेत माहीत आहे का' सुरू झाले होते, बाबांनीच त्यांना चहा पाजून बसवलं. शेवटी आई डोलीत, बाबा घोड्यावर आणि मी पायी. बाबांना घोडा हेलिकॉप्टरपेक्षा जास्त भयंकर वाटला. दर्शन झालं. पैसे परत मिळायचे आहेत.


रोटरवाला
१२ ऑक्टोबर, रात्री १०:२०

सगळ्या कंपन्यांच्या फेऱ्या एकदम बंद होत्या? हे ऐकून बरं वाटलं. निर्णय कोणाचा होता? डेहराडूनच्या कक्षाचा, हवामानवाल्यांचा, की कंपन्यांनी आपापसात ठरवलं?


पायवाट
१२ ऑक्टोबर, रात्री १०:३१

काउंटरशेजारी पांढरा फळा होता. त्यावर निळ्या मार्करने 'मौसम खराब, उड़ान बंद' एवढंच. खाली सही नाही, वेळ नाही. फळ्याजवळच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "ऊपर से आया है." मी वर बघितलं. ढगच होते.